महामायाची खरी तारीख

माणसाने कधी जन्माला यावं हे कुणाच्याच हातात नसतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मुखेड तालुक्यात ते पस्तीस वर्षं ग्यानोबा गुरुजींच्या हातात होतं.

गुरुजी मुख्याध्यापक होते त्या काळात वाडीच्या शाळेत जेवढी मुलं दाखल झाली, तेवढी सगळी एक जूनला जन्मली. शाळा जूनच्या मध्यावर उघडायची, पहिलीत बसायला सहा वर्षं पूर्ण लागायची, म्हणून मूल एक जूनला सहा वर्षांचं व्हायचं. आईबाप पोळ्याला झालं म्हणोत, संक्रांतीला म्हणोत, नाहीतर म्हैस व्याली त्याच दिवशी म्हणोत. गुरुजी ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि जाड निबाच्या पेनाने वळणदार अक्षरात १ जून लिहायचे. अक्षर असं की त्या तारखेवर शंका घेणं पाप वाटावं. एकाच घरातली दोन पोरं एकाच साली आली, तर ती जुळी समजून घ्यायची.

याचं फळ पुढे सरकारी कचेऱ्यांत दिसे. दरवर्षी मेच्या शेवटच्या दिवशी निम्मी कचेरी एकदम निवृत्त व्हायची. आनंदराज सोनकांबळे ज्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होता, तिथे तर निरोपसमारंभाचा फलक कायमचा करून ठेवला होता. फक्त नावं खडूने लिहायची. सेवापुस्तकं आनंदराजच्याच टेबलावर असत. एका शिपायाची जन्मतारीख सोळा ऑगस्ट निघाली, तेव्हा त्याने ती दोनदा तपासली होती.

आनंदराज स्वतःही एक जूनचाच. त्याची आई सांगायची, तू पोळ्याच्या करीला झालास. कुठल्या साली, ते तिला आठवत नव्हतं. त्या साली कुठला बैल सजवला होता ते आठवत होतं. पण आनंदराजची तक्रार नव्हती. दर एक जूनला संध्याकाळी तो कचेरीतून आला की बायको, दिपाली, काही न बोलता वाटीभर शिरा पुढे ठेवायची. वाढदिवसाचं फार स्तोम नसावं, याच मताचा तो होता. बायकोने न सांगता ओळखलं, याचं त्याला समाधान होतं.

त्यांना एकच मुलगी. महामाया. ती पोटासाठी फुटबॉल खेळायची.

हे वाक्य सुरुवातीला आनंदराजच्या तोंडातून नीट निघत नसे. "खेळती," एवढं म्हणून तो थांबायचा. समोरचा विचारायचा, "ते ठीक हाय, पण करती काय?" मुखेडच्या बाजारमैदानावर ती शिकली. आठवड्यातला एक दिवस तिथे बाजार, उरलेले सहा दिवस मैदान. बाजार उठला तरी पालांच्या खुंट्या तशाच रोवलेल्या असत, आणि पोरगी त्या खुंट्यांमधून चेंडू काढत पळायची. खुंटीला ठेच लागू नये म्हणून पायाला जी सवय लागली, तिला पुढे केरळच्या प्रशिक्षकाने कौशल्य म्हटलं. तिला शिकवलं शाळेतल्या वैजनाथ सरांनी. सरांचा खेळ व्हॉलीबॉल. फुटबॉल ते आदल्या दिवशी मोबाइलवर बघायचे आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचे. नांदेडचा जिल्हा संघ झाला, लातूरची विभागीय निवड झाली, पुण्याला राज्याची झाली आणि गेल्या वर्षी केरळातल्या एका क्लबने तिला करारावर घेतलं. लेफ्ट बॅक. पाठीवर तेवीस नंबर. मुखेडच्या चौकात तिचा फलक लागला. त्यावर चेंडूपेक्षा अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे मोठे होते.

आता आनंदराज हॉटेलात बसून चारचौघांना ऑफसाइड समजावून द्यायचा. "आपल्या माणसानं आधीच पुढं जाऊन वाट बघायची न्हाई," तो म्हणायचा. "कचेरीतबी तसंच असतं."

मेच्या दुसऱ्या रविवारी महामायाचा फोन आला.

"पप्पा, इंडियाच्या कॅम्पला माझं नाव गेलंय. अंडर ट्वेंटी. आमच्या कोचनीच पाठवलं."

आनंदराज उठून उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नाही.

"पण एक लोचा हाय," ती म्हणाली. "दोन हजार सहाच्या एक जानेवारीनंतर जन्मलेली पाहिजे. माझी दोन हजार पाचची एक जून. सात महिन्यांनी हुकतंय."

"हात्तिच्या. ती तर शाळेची तारीख हाय."

"तेच म्हणून राहिले मी. मंग खरी कोणती?"

आनंदराजने सांगायला हसत तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. पंचवीस वर्षं त्याने लोकांच्या जन्मतारखा जपल्या. कोण कधी निवृत्त होणार, हे त्या माणसाआधी त्याला माहीत असे. आणि स्वतःची एकुलती एक मुलगी कधी झाली, ते त्याला सांगता येईना. अंगावर पाल पडावी तसा तो दचकला.

"आईला द्या फोन," महामाया म्हणाली.

दिपाली कणीक मळत होती. हात तसेच धरून, फोनकडे तोंड करून म्हणाली, "एक जूनलाच झालीस तू."

फोनच्या अलीकडे आनंदराज हसला आणि पलीकडे महामाया हसली.

"अगं आई, ते शाळेतलं झालं. खरी विचारून राहिले मी."

"मंग मी कुठली सांगून राहिले?"

आनंदराजने फोन काढून घेतला. "तिला कामून विचारतीस? तिची सोताचीबी एक जूनच हाय." मग आवाज खाली करून म्हणाला, "पण आई तुझी हुशार. उद्या कुणी चौकशीला आलं तर असंच बोलाय पाहिजे. बोलण्यात फरक न्हाई पडला पाहिजे."

दिपालीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कणकेत हात घातले. या घरात आपण खरं बोललो की आपल्याला हुशार म्हणतात, हे तिला नवीन नव्हतं.

आनंदराजच्या न कळण्यालाही कारण होतं. पोरगी झाली तेव्हा तो किनवटला, एका आश्रमशाळेच्या वसतिगृहावर लिपिक होता. जंगलातलं गाव, फोन एकच, आणि तोही पावसापाण्याने अर्धा वेळ मुका. पहिलं बाळंतपण म्हणून दिपाली माहेरी, शिरूर अनंतपाळला. निरोप आला तो चौथ्या की पाचव्या हाताने: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. कधी झाली, ते वाटेत कुठेतरी गळालं. रजा मिळून तो सासुरवाडीला पोचला तेव्हा पोर चांगली टक लावून बघत होती. पुढे तिला शाळेत घातलं तेव्हाही तो किनवटलाच.

दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी आता सत्तरी ओलांडली होती. ओसरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं जाड निबाने सोडवत होते.

"महामाया आनंदराज सोनकांबळे," त्यांनी डोळे मिटून म्हटलं. "रजिस्टरला डाव्या पानावर, वरून सातवी. नाव लई आवडलं होतं मला. तारीख एक जून."

"गुरुजी, ती खरी का अंदाजे?"

गुरुजींनी डोळे उघडले. त्यांना लागलं होतं.

"आनंदराज, तू कचेरीतला माणूस. तुला सांगावं लागतं का? तारीख खरी न् खोटी असती का कुठं? असती ती नोंद."

"तसं न्हाई गुरुजी, पोरीचं इंडियाचं काम हाय…"

"अरे, मी विचारायचो की पयले पयले. नोकरीत नवा होतो तवा. एक बाप म्हणाला, ढगफुटी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुठली ढगफुटी? तर म्हणतो, तुम्हाला म्हाईत न्हाई का? मी कंधारचा, मला कसं म्हाईत! तवापासून विचारणं सोडलं." मग काही आठवून ते म्हणाले, "तिची माय आलती नाव घालायला. कायतरी कागद होता वाटतं हातात. बोलाय लागली. मी म्हणलं, बाई, तारखेची काळजी तुम्ही करू नका. ते आमच्याकडं असतंय."

आनंदराजने हे ऐकलं आणि त्यातलं नेमकं शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं.

घरी येताना त्याला ते दृश्य आठवलं. शिरूरच्या त्या खोलीत तो पहिल्यांदा पोरीला बघायला शिरला होता. खिडक्या बंद. दिपाली बाजेवर, डोक्याला घट्ट फडकं, कानात कापूस, पायात मोजे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "दार लोटा जावई, वारं लागंल." आनंदराज रस्त्यातच थांबला. शेगडी! मोजे! म्हणजे हिवाळा. म्हणजे दोन हजार सहाचा जानेवारी. गणित इतकं चोख जमलं की त्याला आनंदाने कापरं भरलं. त्या खोलीत आपला सदरा घामाने पाठीला चिकटला होता, हेही त्याला आठवलं. पण पहिल्यांदाच बाप म्हणून सासूसमोर उभं राहताना कुणालाही घाम फुटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी तो हरिओम वकिलांपुढे बसला होता. हरिओम वकील तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये, टायपिंगवाल्याच्या शेजारी बसत.

"तारीख?" वकिलांनी विचारलं.

"जानेवारी. दोन हजार सहा."

"जानेवारी हा महिना झाला साहेब. त्यात एकतीस तारखा असतात."

आनंदराज विचारात पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तारीख निवडायला मिळाली होती, आणि गुरुजींचं काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. शेवटी म्हणाला, "तीन. सावित्रीमाईची जयंती."

"वा. मुलगी खेळाडू, त्यात सावित्रीमाईची जयंती. न्यायाधीश उभा राहून सही करंल." वकिलांनी टायपिंगवाल्याकडे मान वळवली. "लिही. मी शपथेवर लिहून देतो की, शालेय अभिलेखातील एक जून ही जन्मतारीख निव्वळ काल्पनिक व असत्य असून…"

"असत्य लिहावं का?" आनंदराजने विचारलं. "अंदाजे लिवलं तर?"

"अंदाजे म्हणलं की कागद पांगळा होतो. असत्य म्हणा. ठणठणीत."

शिक्का बसला. आनंदराजने फोटो काढून क्लबला पाठवला, महामायाला पाठवला, वैजनाथ सरांना पाठवला, आणि उत्साहाच्या भरात कचेरीच्या ग्रुपवरही टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. रात्री तो दिपालीला म्हणाला, "झालं काम. तीन जानेवारी."

"कुणाचं?"

"पोरीचं. जन्मतारीख."

दिपालीने अंथरूण झटकलं. मग म्हणाली, "जानेवारीत तिला दात आलते वो."

"कुणाला?"

"झोपा."

आठवडा संपायच्या आत महामायाचा फोन आला. या वेळी तिने नमस्कार केला नाही, काही नाही.

"पप्पा, माझी जर्सी घेतली."

"कुणी घेतली? चोरी झाली का?"

"क्लबनं घेतली. मॅनेजर मॅडमनी बोलवलं. म्हणल्या, तुझ्या वडिलांनीच शपथेवर लिवलंय की आधी दिलेली तारीख खोटी हाय. खोट्या तारखेवर तू वर्षभर खेळलीस. चौकशी होईस्तोवर मैदानात यायचं न्हाई. दोन वर्षांची बंदीबी लागू शकती म्हणून राहिल्या." ती थांबली. "सगळ्या सरावाला गेल्या. मी रूमवर हाय."

आनंदराज खाली बसला. खुर्ची आहे की नाही ते न बघता बसला. नशिबाने पोत्यांची थप्पी होती. साऱ्या तालुक्याने पस्तीस वर्षं खोटी तारीख लावली, त्यावर नोकऱ्या केल्या, बढत्या घेतल्या, पेन्शनी घेतल्या, आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. खरी तारीख सांगायला गेला तो पहिला माणूस तो, आणि जर्सी गेली.

"मी तर तुझ्या भल्यासाठीच…" तो म्हणाला.

"मला म्हाईत हाय, पप्पा. पण आता कायबी करा. कोणतीबी असू द्या, खरी पाहिजे. जन्माचा असली दाखला. एकतीस तारखेच्या आत. नायतर करार मोडतेत."

"कॅम्पचं?"

"कॅम्प राहू द्या हो!" पोरीचा आवाज फाटला. "मला खेळाय पाहिजे."

असा तिचा आवाज आनंदराजने पूर्वी एकदाच ऐकला होता. सहावीत असताना खुंटीवर पडून तिचा गुडघा फुटला होता. तेव्हाही ती रडली ती गुडघ्यासाठी नव्हे. दवाखान्यात नेलं तर उरलेला खेळ चुकेल म्हणून.

दिपालीने पिशवी भरली, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाली, "उठा. शिरूरला जाऊ."

"तिथं काय मिळणार? घरी बाळंतपण झालेलं. दानम्मा सुईणीनं केलं."

"दानम्मानं केलं म्हणून नोंद होत न्हाई का? बाबांनी केलती नोंद. ग्रामपंचायतीत."

"मंग आधी कामून न्हाई सांगितलं?"

दिपाली दारातच उभी राहिली. "मी कधी न्हाई सांगितलं, ते सांगा."

मुखेड ते उदगीर एक एसटी, उदगीर ते शिरूर अनंतपाळ दुसरी. मेची दुपार. खिडकीची पट्टी हाताला भाजत होती. आनंदराज वाटभर बंदीचा विचार करत होता. दोन वर्षं. फुटबॉलमध्ये दोन वर्षं म्हणजे कचेरीतली वीस. बावीस वर्षांची पोरगी पुन्हा बाजारमैदानात, खुंट्यांमधून. आणि ते केलं कुणी? तर पंचवीस वर्षांत ज्याच्या हातून सेवापुस्तकात एक शाईचा डाग पडला नाही, त्या माणसाने.

सासुरवाडीत सासूबाई एकट्याच होत्या, भामाबाई. सासरे, नरसिंगबाबा, वारून सहा वर्षं झाली होती. आनंदराजने जय भीम घातला, पाणी पिऊन घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं, "आत्या, महामाया झाली तवा थंडी होती ना?"

"थंडी?" भामाबाई म्हणाल्या. "पत्र्याखाली जीव उकडून राहिलता सगळ्यांचा. दिपाली पाणी पाणी करायची."

"पण शेगडी होती! बाजेखाली! मी डोळ्यानं बघितली."

भामाबाईंनी आधी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस.

"बाळंतिणीला शेक नगं का वो, जावई? ऊन असो का पाऊस असो. सव्वा महिना शेगडी ठिवावीच लागती."

"आणि मोजे? कानात कापूस?"

"वारं नगं लागाय. तुमच्या आईनं तुमच्या टायमाला काय पंखा लावलता का?"

दिपाली तोंडाला पदर लावून मोरीकडे गेली. ती हसत होती की आणखी काही, हे आनंदराजने पाहिलं नाही. तो शेगडी ठेवायच्या जागेकडे बघत होता. तिथे आता कूलर होता.

नगरपंचायतीची कचेरी दोन वळणांवर. जुन्या ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची रजिस्टरं वरच्या माळ्यावर होती. तिथला लिपिक वीरभद्र, तिशीतला, तोंडात सुपारी. आनंदराज आपल्याच धंद्यातला आहे म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली, गुरुजींच्या एक जूनची सगळी कथा ऐकून घेतली आणि स्वतः शिडीवर चढला. धुळीसकट रजिस्टर खाली आलं. वीरभद्रने बोट थुंकीने ओलं केलं आणि पानं उलटायला सुरुवात केली.

"जानेवारी दोन हजार सहा म्हणलात?"

"दोन हजार पाच बघा," दिपाली म्हणाली. "जून."

आनंदराजला मध्ये बोलावंसं वाटलं. पण वीरभद्रचं बोट आधीच पुढे सरकलं होतं.

बोट एका ओळीवर थांबलं. वीरभद्रने ओळ वाचली, मग आनंदराजकडे बघितलं, मग पुन्हा ओळ वाचली आणि त्याच्या तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"साहेब, तुमचे गुरुजी हितंबी होते का?"

रजिस्टर फिरवून त्याने पुढे सरकवलं. जन्मतारीख: १ जून २००५. स्त्री. प्रसूती घरी. आईचं नाव दिपाली आनंदराज सोनकांबळे. बाळाचं नाव: रकाना रिकामा, कारण तोवर नाव ठेवलं नव्हतं. माहिती देणार: नरसिंग, नात्याने आजोबा. पुढे अंगठा. नोंदीचा दिवस: ४ जून २००५.

आनंदराजने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अंगठा सासऱ्यांचाच. शाई जुनी. वरची नोंद तीस मेची, खालची सहा जूनची. मध्ये काही घुसडायला सुईएवढी जागा नव्हती. आयुष्यभर त्याने खोटे कागद खरे असल्यासारखे हाताळले होते. हा पहिलाच कागद खरा निघाला.

"पण एक जूनला कुणी जन्मत न्हाई," तो अखेर म्हणाला. वाक्य बाहेर पडल्यावर ते कसं वाटतं ते त्यालाही ऐकू आलं.

"वरीसभर कुणी ना कुणी जन्मतंच की, साहेब," वीरभद्र म्हणाला. "एक जूननं काय घोडं मारलंय?"

"गुरुजींना हाच कागद दाखवाय नेलता मी," दिपाली म्हणाली. "नक्कल होती बाबांनी काढलेली. बघितलीबी न्हाई त्यांनी. न बघता तीच तारीख लिवली. मी म्हणलं, चला, बरोबरच लिवली, मंग कशाला भांडा. ती नक्कल पुढं घर बदलताना गेली."

बाहेर पायरीवर उभं राहून आनंदराजने फोन लावला. महामायाने पहिल्याच घंटीला उचलला.

"सापडली?"

"सापडली."

"कोणती?"

आनंदराजला ते उच्चारता येईना. त्याने फोन दिपालीकडे दिला.

"एक जून," दिपाली म्हणाली. "दोन हजार पाच. सकाळी साडेसहाला झालीस. मी तिथंच होते."

आनंदराजने वाकून फोनला कान लावला. मग महामाया म्हणाली, "म्हंजी मी क्लबला पयल्यापासून खरीच तारीख दिलती?"

"हाव."

"आन् कॅम्पसाठी मी खरंच मोठी हाय."

"हाव, बाई."

"बरं," महामाया म्हणाली. तो 'बरं' आनंदराजला शिरूरच्या उन्हात पायरीवर उभ्या उभ्या ऐकू आला, आणि पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिला. "दाखला पाठवा. तो दाखवते न् सरावाला जाते."

दाखला त्याच दिवशी मिळाला, वीरभद्रच्या कृपेने. शिबिराची यादी लागली, तीत महामायाचं नाव नव्हतं. क्लबने जर्सी परत दिली, पण एका अटीवर: वडिलांनी शपथेवर खोटं ठरवलेली तारीख वडिलांनीच शपथेवर खरी ठरवून द्यावी. तोवर बदली खेळाडू म्हणून बाकावर बसायला हरकत नाही. एकतीस मेच्या सामन्यात ती शेवटची सहा मिनिटं आत आली. मुखेडच्या हॉटेलात फोनभोवती अकरा माणसं होती. चेंडू तिच्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा तिने तो साधा, सरळ, जवळच्या बाईला दिला. "काढायचा होता ना खुंट्यातून!" कुणीतरी म्हणालं. आनंदराजने त्या संध्याकाळी ऑफसाइड समजावून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी एक जून. संध्याकाळी दिपालीने वाटीभर शिरा पुढे ठेवला. आनंदराजने चमचा उचलला आणि तसाच धरला.

"दरवर्षी हा शिरा…"

"तिच्यासाठी," दिपाली म्हणाली. "तिला शिरा आवडत न्हाई. मंग तुम्ही खाता."

त्याने तो खाल्ला. टाकून द्यायचं अन्न नव्हे.

सोमवारी तो पुन्हा हरिओम वकिलांच्या शेडमध्ये बसला. वकिलांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्याकडे दुसरी प्रतिज्ञापत्रं पहिल्यांपेक्षा जास्त होत. "लिही," ते टायपिंगवाल्याला म्हणाले. "मी शपथेवर लिहून देतो की, माझ्या मुलीची एक जून ही जन्मतारीख पूर्णतः सत्य असून, ती काल्पनिक असल्याचे माझे पूर्वीचे कथन असत्य होते."

"ठणठणीत," आनंदराज म्हणाला.

"ठणठणीत. आता खाली तुमचं सांगा. पूर्ण नाव, धंदा, पत्ता. सगळं खरं पाहिजे बरं का साहेब, शपथेवर हाय."

आनंदराजने नाव सांगितलं, धंदा सांगितला, पत्ता सांगितला.

"आणि जन्मतारीख?"

"एक जून," आनंदराजने सांगितलं, आणि सही केली.